हँडलावरचा दुसरा हात

आईचा आवाज मला अजून ऐकू येतो, तो जात्याच्या घरघरीतून. हुबळीच्या घराच्या मागच्या खोलीत ती उजाडायच्या आधी दळायला बसायची, आणि मी तिच्या मांडीला डोकं लावून अर्धवट झोपेत ऐकायचो :

दळण सरलं, खुंटा सुटेना गं बाई,
समोर बसलेली, उठता दिसली नाही.

“समोर कोण गं?” मी विचारायचो. समोर भिंत असायची आणि भिंतीवर चिमणीचा काजळलेला डाग. आई म्हणायची, “चौकशा पुरेत. हात दे खुंट्याला.” मी माझा हात तिच्या हाताखाली धरायचो आणि दगड हलका व्हायचा. माझ्या एवढ्याशा हातानं तो हलका होतो, असंच मी तेव्हा धरून चाललो होतो.

पुढे मी मोटारी दुरुस्त करू लागलो. भांड्यांचं दुकान सोडून पोरगा तेलकट हातांच्या धंद्यात गेला म्हणून वडील बरेच दिवस बोलले नाहीत. पण मला ते यंत्र आवडायचं. त्याला पेट्रोल हवं, हवा हवी, ठिणगी हवी. तिन्ही वेळेवर मिळाली की ते चालतं. चालत नसेल तर तिघांतलं कोण चुकलं ते हुडकायचं. बाकीच्या गोष्टी लोक घरून घेऊन येतात. कुणी अमावास्या आणतो, कुणी नजर. लिंबू-मिरच्या बांधून आलेली मोटार मी लिंबू तसंच ठेवून दुरुस्त करत असे. कुणाचं मन कशाला मोडा.

सन एकोणीसशे चौतीसच्या श्रावणात भीमसेन धारवाडहून वकिलांची मोटार घेऊन आला. प्रभंजनराव वकील सप्तापुरात राहायचे, आणि त्या घरी माझं जुनं येणं-जाणं होतं. मोटार जुनी, कापडी टपाची, हँडल मारून सुरू करायची. पण ठेवलेली अशी की मडगार्डात तोंड बघावं. भीमसेन त्यांचा ड्रायव्हर, घरी कन्नड बोलणारा, आमच्याशी मराठी. त्याच्या मराठीला नेहमी थोडी घाई असायची.

“काय झालंय?” मी विचारलं.

“सुरू होत नाही, अण्णा.”

“मग धारवाडपासून ढकलत आणलीस?”

“आज झाली की. तेच सांगतो. रुसलेल्या सुनेसारखं आहे बघा. मनात आलं तर एका हाकेला उठते. नाही तर बसली ती बसली.”

मी ती आठवडाभर ठेवून घेतली. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडून पुसला, प्लग घासले, पेट्रोलची नळी फुंकून साफ केली, काब्रेटरचं बारीक भोक केसाएवढ्या तारेनं मोकळं केलं. खरं सांगायचं तर कुठे काही सापडलं नाही. रोज सकाळी मी ती बाहेर काढायचो आणि रायापुरापर्यंत चक्कर मारून आणायचो. गॅरेज घराच्या पुढच्याच पडवीत. निघताना मी आत हाक द्यायचो, “येतो गं.” आणि इंदुमती, माझी बायको, चुलीपुढून म्हणायची, “या. आणि येताना कोथिंबीर आणा. मोटारवाले झालात, नुसती हवा खाऊन येऊ नका.”

मोटार पहिल्या हँडलला सुरू व्हायची.

मी ती परत पाठवली. चार दिवसांत भीमसेन आगगाडीनं आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी हत्यारांची पिशवी उचलली.

सप्तापुरात तेव्हा कॉलेजच्या आसपास मोजके बंगले होते आणि मध्ये मोकळी तांबडी माती. धारवाडचा पाऊस पडत नाही, तो अंगावर बसतो. कौलांवर, पेरूच्या पानांवर, माणसाच्या पापणीवर. मोटार ओसरीपुढे उभी होती. प्रभंजनराव ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. उंच माणूस, बोलणं थोडं. कोर्टात त्यांनी खोटा साक्षीदार कधी उभा केला नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि त्यामुळे पक्षकार कमी, अशीही.

“दमट हवेनं होत असेल,” मी म्हणालो.

“असेल,” ते म्हणाले.

मी प्लग काढून इंजिनावर टेकवला आणि भीमसेनला हँडल फिरवायला सांगितलं. ठिणगी निळी, स्वच्छ. पेट्रोल येत होतं. सगळं परत बसवलं. मग मी स्वतः हँडल धरलं.

आता जे लिहितो ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. इंजिन जाम झालं की हँडल अडतं, ते अडणं लोखंडाचं असतं. हे तसं नव्हतं. मी जोर लावला की ते थोडं येत होतं, मी सैल सोडलं की थोडं मागे जात होतं. मऊ होतं ते. मला एकदम चिमणीचा काजळलेला डाग आठवला. जात्याचा खुंटा दोघींनी धरलेला असावा आणि एकीच्या मनात अजून दळायचं नसावं, तसं.

मी हात काढून घेतला. तळव्याला वास आला तो पेट्रोलचा नाही. ओल्या अबोलीला वास नसतो म्हणतात. असतो, अगदी थोडा, देठाकडे.

“काय झालं?” वकिलांनी विचारलं.

“काही नाही. पुन्हा बघतो.”

आतून अंबूताई आल्या. वकिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली, भावाचं घर त्याच सांभाळत होत्या. त्यांनी गिरमिटाची, मसाला लावलेल्या चुरमुऱ्यांची, बशी पुढे केली. “खा आधी. उपाशी माणसाला कसली मोटार दाद देते? कौसल्या असती तर तुला हात धुतल्याशिवाय मोटारीपाशी जाऊ दिलं नसतं, आणि मोटारीपासून आल्यावर घरात येऊ दिलं नसतं.”

कौसल्याबाई म्हणजे वकिलांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी त्यांना याच मोटारीतून मिरजेला उपचाराला नेलं होतं. त्या तिकडेच वारल्या. भाऊबीजेला, केसांत अबोली माळून, मला ओवाळायच्या. मला बहीण नव्हती. अंबूताईंनी नाव काढलं तशी वकिलांची नजर कौलांकडे गेली आणि ते आत निघून गेले.

थोड्या वेळानं मी निघालो. “येतो, ताई,” म्हणालो. “ये रे बाबा,” ताई म्हणाल्या. मी सहज म्हणून जाता जाता हँडल एकदा फिरवलं.

मोटार सुरू झाली.

पुढचे दोन महिने हे असंच चाललं. वकील कोर्टात निघाले की मोटार कधी अडायची नाही. त्यांची मुलगी श्यामला दारात येऊन “या हं, अप्पा” म्हणायची आणि मोटार फुरफुरत जायची. पण दुसरं कुणी निघालं आणि वकील ओसरीवर उभे असले, की बसली ती बसली. हे मला तेव्हा इतकं नीट मांडता आलं नव्हतं. मी ऊन-पाऊस, पेट्रोलचा डबा, सकाळ-संध्याकाळ यांचे मेळ घालत होतो. एकही जुळत नव्हता.

मग भीमसेननं कलघटगीची गोष्ट सांगितली.

श्यामला आणि अंबूताईंना घेऊन तो कलघटगीला गेला होता. नात्यात कुणी वारलं होतं, समाचाराला. परत निघताना मोटार मेल्यासारखी पडली. गावातल्या लोकांनी ढकलून वेशीपर्यंत आणली. तिथे एक म्हातारी डोक्यावर शेणाची पाटी घेऊन उभी होती. तिनं मोटारीत बसलेल्या बायकांकडे पाहिलं आणि ओळखदेख नसताना म्हणाली, “होगी बर्री, अव्वा.” जाऊन या, बाई.

“आणि?” मी विचारलं.

“आणि काय! माझा हात हँडलला लागला न लागला, झाली सुरू. म्हातारीचा पायगुण बघा, अण्णा. तुम्ही तिला गॅरेजात ठेवून घ्या.” तो हसला.

मला हसू आलं नाही. सुतकाच्या घरून उठताना आपण ‘येतो’ म्हणत नाही. मुकाट उठतो. घरचेही ‘या’ म्हणत नाहीत. त्या दाराशी तो शब्द कुणी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सप्तापूर गाठलं. वकिलांना कोर्टात सोडून भीमसेन मोटार घेऊन परत आला होता. मी त्याला आणि अंबूताईंना आत जायला सांगितलं आणि एकटाच हँडल मारू लागलो. काही नाही. तोच मऊ अडसर. मग मी ताईंना हाक मारली.

“ताई, दारात या. मी निघालोय असं समजा आणि मला ‘ये’ म्हणा.”

“निघालास? आत्ता तर आलास! चहा ठेवलाय.”

“नुसतं म्हणा हो.”

“वेड लागलं याला मोटारीपायी. बरं, ये.”

मी हँडल फिरवलं आणि इंजिन धडधडू लागलं. मी ते बंद केलं. ताईंना आत पाठवलं, हँडल मारलं, काही नाही. बाहेर बोलावलं, “ये” म्हणाल्या, सुरू. हे मी पुन्हा पुन्हा केलं. शेवटी ताई हसायच्या थांबल्या आणि पदर तोंडाशी धरून दारातच बसल्या. मी मॅग्नेटोवर हात ठेवून उभा होतो. मॅग्नेटोत काही बिघाड नव्हता. मोटारीतच काही बिघाड नव्हता.

“ताई,” मी विचारलं, “वकील कुणाला ‘ये’ म्हणतात का?”

त्यांनी एकेक आठवलं. “बरं म्हणतो. जपून म्हणतो. पत्र टाक म्हणतो.” मग हळूच म्हणाल्या, “नाही रे. कौसल्या गेल्यापासून नाही ऐकलं.”

हे सगळं एक चमत्कारिक कोडं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण श्यामला होती.

श्यामला बी.ए. झालेली, हसरी, चटकन बोलणारी मुलगी. साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत तिला शिक्षिकेची जागा मिळाली होती. अप्पांनी नको म्हटलं नव्हतं. पण दिवाळीनंतर ती निघाली त्या दिवशी मोटार सुरू झाली नाही आणि गाडी चुकली. “आज योग दिसत नाही,” अप्पा म्हणाले. दुसऱ्या खेपेला तिनं टांगाच बोलावला. घोडा फाटकापर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. टांगेवाल्यानं चाबूक उगारला, मग घोड्याचे कान पाहून तो खाली ठेवला आणि भाडं न घेता ट्रंक उतरवून दिली. शाळेनं सोमवारपर्यंत जागा राखली होती. त्यानंतर ती दुसऱ्या बाईला देणार होते.

“अण्णा,” श्यामला मला म्हणाली, “अप्पा म्हणतात, योग नाही. या ओसरीवर बसून मी म्हातारी होईन आणि तेव्हाही म्हणतील, योग नाही. तुम्ही काहीही करा. इंजिन बदला.”

मी तिला काय सांगणार? शनिवारी दुपारच्या गाडीसाठी मी स्वतः येतो, एवढंच सांगितलं.

शनिवारी स्वच्छ ऊन होतं. ट्रंक मागच्या सीटवर ठेवली होती. श्यामलानं देवाला, अप्पांना नमस्कार केला आणि स्वयंपाकघराच्या दारातून अंबूताईंना ओढून आणलं. शुभ कामाला कुणी निघालं की ताई पुढे येत नसत.

“अगं, माझं तोंड बघून कशाला निघतेस?”

“तुझंच बघून निघायचंय. चल.”

वकील खांबाशी उभे होते. श्यामला ट्रंकेला खेटून, मध्ये बसली. “येते, आत्या. येते, अप्पा.”

“ये गं बाळ,” ताई म्हणाल्या. “लवकर ये.”

मी हँडल फिरवलं. पलीकडून ते धरलेलं होतं. आज घट्ट.

“बर्री, अक्कव्वा,” या, ताई, असं भीमसेन स्टिअरिंगवरून मागे वळून म्हणाला. त्याच्याही ध्यानात आलं असावं. मीही म्हणालो, “ये, श्यामले.”

काही नाही.

मी हँडल काढून हातात घेतलं आणि मागे सरलो. सगळ्यांनी वकिलांकडे पाहिलं.

“योग नाही,” ते म्हणाले.

श्यामला खाली उतरली. पायऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. “अप्पा, नको म्हणायचं असेल तर नको म्हणा. मी ट्रंक रिकामी करते, पुन्हा विचारणार नाही. पण मोटारीच्या आड उभं राहू नका.”

वकिलांनी खांबावर हात टेकला. समोरच्याला बोलतं करण्यात हयात घालवलेला माणूस.

“तुला अडवायला नाही गं,” ते म्हणाले. “मी कुणालाच म्हणत नाही ते. म्हणवत नाही.”

“का?”

“त्या दिवशी ती इथेच बसली होती. पलीकडच्या अंगाला. म्हणाली, येते हं. डॉक्टरांनी मला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तिला माहीत नव्हतं. मी ये म्हटलं असतं, तर खोटं झालं असतं.” त्यांनी खांबावरचा हात काढला. “ती माझ्याकडे बघत राहिली. भीमा हँडल मारतोय, मारतोय, मोटार सुरू होईना. ती बघतेय. शेवटी भीमाला म्हणाली, असू दे रे, त्यांना सवड नाही. मग सुरू झाली.”

भीमसेननं मान खाली घातली.

“तिला दिलं नाही,” वकील म्हणाले, “ते दुसऱ्या कुणाला कुठल्या तोंडानं देऊ?”

श्यामला रडत होती. तिनं डोळे पुसले नाहीत. “मग तिला द्या, अप्पा.”

वकील अनवाणी खाली उतरले. मोटारीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले. तिथलं दार त्यांनी उघडलं, पूर्ण, हात आडवा न ठेवता, आणि बाजूला उभे राहिले.

त्या बाजूला मोटार जराशी दबलेली आहे, हे मला तेव्हा दिसलं.

ट्रंक अलीकडे होती. श्यामला जमिनीवर होती. सीट रिकामी होती.

मोटारीची ती बाजू हळूच वर आली.

आणि इंजिन सुरू झालं. हँडल माझ्या हातात होतं.

वकिलांनी दार लावलं. ते परत फिरून आले, तेव्हा त्यांचा डावा हात अंगापासून थोडा दूर होता, कोपरात वाकलेला. उजव्या हातानं त्यांनी श्यामलाचं डोकं जवळ घेतलं आणि कानात काही सांगितलं. मला ऐकू आलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती झटकन वाकून पाया पडली आणि मोटारीत जाऊन बसली.

मोटार फाटकातून बाहेर पडली. मागे तांबडी धूळ उठली, उन्हात थोडा वेळ तरंगली आणि खाली बसली. सोमवारी श्यामला वर्गावर उभी राहिली. ती मोटार पुढे अकरा वर्षं चालली आणि पुन्हा कधी अडली नाही.

पण मी सांगत होतो त्या दुपारचं. मी हत्यारं गोळा करत मागे राहिलो होतो. वकील ओसरीच्या पायऱ्या चढत होते. एका पायरीवर थांबायचे, मग पुढची. त्यांना दम लागला नव्हता. आजाऱ्याला बरोबर घेऊन चढणारा माणूस जसा चढतो, तसे ते चढत होते, आणि डावा हात अजून तसाच होता.

दारात अंबूताई उभ्या होत्या. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. त्यांनी आपणहून पदर आवरला आणि एका बाजूला सरून वाट दिली.

उंबऱ्यापाशी वकील थांबले. तेही सरले, दुसऱ्या बाजूला. दोघांच्या मध्ये रिकामं दार होतं आणि आतला गारवा.

वकिलांनी डावा हात हळूच खाली सोडला.

“ये,” ते म्हणाले.